तारीख

आमच्या सीमाभागात 'तारीख' हा शब्द कॅलेंडरापेक्षा कोर्टाचा जास्त आहे. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हापासून बेळगावातल्या कुठल्याही कट्ट्यावर 'तारीख कधी?' म्हटलं की कशाची हे विचारावं लागत नाही. 'पुढची पडली' हे उत्तरही पाठ झालेलं. माझ्या मुली लहान होत्या तेव्हाचा दावा, त्या लग्न होऊन गेल्या तरी चालूच आहे. त्यामुळे चौपन्नाव्या वर्षी मी गाडीच्या लायसन्ससाठी अर्ज केला, तेव्हा वाट पाहण्याच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवायला नको अशी माझी समजूत होती.

लायसन्स मला हौसेसाठी नको होतं, हे आधी सांगते. आमच्या घरात गाडी चालवणारे हे एकटेच. तीस वर्षं यांनी गाडी चालवली. स्तवनिधी, कुंभोज-बाहुबली, एकदा तर पाहुण्यांची सहा माणसं घेऊन श्रवणबेळगोळ. मी आपली शेजारच्या सीटवर मांडीवर डबा आणि गाळलेल्या पाण्याची बाटली घेऊन बसलेली. फाटक आलं की सांगायचं, झोप येतेय का म्हणून विचारायचं, एवढंच माझं ड्रायव्हिंग. मागच्या फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांना काचबिंदू सांगितला. नुकताच झालेला नव्हे, बरीच वर्षं आत चाललेला. थेंब आयुष्यभर घालायचे, आहे ती नजर टिकवायची, गेलेली परत येत नाही. मग सहज सांगावं तसं डॉक्टर म्हणाले, "आणि गाडी आता नको."

यांना ते पटेना. काचबिंदूची हीच तर लबाडी आहे. समोरचं स्वच्छ दिसतं. पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. कडा मात्र जातात, आणि कडा गेल्या हे कळतसुद्धा नाही, कारण जिथं दिसत नाही तिथं काळं दिसतं असं नसतं, तिथं नुसतं काहीच नसतं. माझ्या अर्जाबरोबर जोडायचा जो वैद्यकीय दाखला असतो, चाळिशीनंतरच्या माणसाला लागतो तो, त्यात एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? हा कागद हातात घेऊन हे गल्लीत उतरले. तीस पावलं मोजली आणि शेजाऱ्यांच्या गाडीचा नंबर खणखणीत वाचून दाखवला. मला नीट लागला नाही तोही आकडा यांनी सांगितला. मी काही बोलायच्या आत डाव्या हाताने दूधवाल्याची सायकल आली, घंटी वाजवत, आणि हे तिच्यात चालत गेले. कुणाला लागलं नाही. थोडं दूध सांडलं. हे घरात आले, खिळ्यावर लटकणारी किल्ली काढली आणि माझ्यापुढे ओट्यावर ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा आमटीला फोडणी देत होते. किल्लीवर मोहरी उडाली, ती पुसून घेतली.

गाडी विकायची की शिकायची, एवढंच उरलं होतं. थोरली पुण्याची, तिने विका म्हणून सांगितलं, रिक्षा आहेत, फोनवरून टॅक्सी मागवता येते. खरंच आहे ते. पण यांच्या तपासणीला दर दोन-तीन महिन्यांनी मिरजेला जायचं, सासूबाई नव्वदीच्या, त्यांना रात्री-अपरात्री काही झालं तर काय. आणि गाडी विकली असती तर या माणसाचं काय झालं असतं, तेही माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी शिकते म्हटलं.

अर्ज हल्ली घरबसल्या करता येतो म्हणतात. येतोही. पण तुमचं नाव सगळीकडे एकच असलं तर. माझ्या मॅट्रिकच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि रेशनकार्डावर कन्नडातून आलेलं तिसरंच काहीतरी. लग्न झालेल्या बाईला नाव बदलायला कुणी विचारत नाही, नंतर प्रत्येक खिडकीवर मात्र तिलाच विचारतात. लग्नाचा दाखला, गॅझेट, प्रतिज्ञापत्र असं करत तीन हेलपाटे झाले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी लर्निंगच्या परीक्षेला कॉम्प्युटरपुढे बसले. मी कन्नड निवडलं. बोलायला मला चांगलं येतं, वाचायला जरा अडखळते. शेजारी एक कॉलेजचा मुलगा इंग्रजीतून भराभरा बटणं दाबून उठून गेला. मी एकेक अक्षर जुळवत होते आणि वर घड्याळ उलटं पळत होतं. पास झाले. तिथल्या बाईंनी "पास आद्री अम्मा" म्हणून सांगितलं तेव्हा मला बी.ए.च्या निकालाइतका आनंद झाला. बी.ए.च्या वेळी लग्न ठरलेलं होतं, निकालाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

लर्निंग सहा महिने चालतं. पहिले तीस दिवस टेस्ट देता येत नाही, शिकायला म्हणून ते दिवस. शिकताना शेजारी लायसन्सवालं माणूस लागतं. यांच्याकडे लायसन्स होतं, कागदावर, नोव्हेंबरपर्यंतचं. "मी बसतो की शेजारी," हे म्हणाले. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरून आले. त्यावर घरात काही चर्चा झाली नाही.

आमचे मास्तर माझ्या भाच्याच्या वयाचे. सकाळी साडेसहाला टिळकवाडीतून निघायचं, काँग्रेस रोडवर जरा मोकळं असतं. "काकू, क्लच हळू सोडा की, गाडी बंद पडूलाली बघा." "काकू, भिऊ नका की, रस्ता कुठं पळून जातंय?" दुसऱ्या रेल्वे गेटापाशी फाटक पडलं की मला बरं वाटायचं, पाच मिनिटं तरी काही करावं लागत नाही. फाटक उघडलं की मागचे सगळे एकदम हॉर्न वाजवायचे, जणू रेल्वे मीच थांबवून धरली होती. एक सांगते, गाडी शिकताना मला माझ्या आजीची फार आठवण आली. ती रस्त्याने चालताना चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायची, मुंगी-किडा पायाखाली येऊ नये म्हणून. ईर्यासमिती ही मुनींनी पाळायची, पण आजीने ती घरातल्या घरात, अंगणात, विहिरीवर जाताना पाळली. मास्तरांचा हट्ट याच्या उलट: "जवळचं बघू नका, लांब बघा." चार हातांवर नजर ठेवून गाडी चालवता येत नाही. आठवडाभर माझे डोळे बॉनेटच्या पुढेच रेंगाळायचे.

टेस्टची तारीख घ्यायला बसले तेव्हा मे उजाडला होता. सुट्टीत सगळी मुलं अठरा पूर्ण करूनच बसलेली असतात की काय कोण जाणे, पडद्यावर जो दिवस दाबावा तो भरलेला. ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात एकजण उभा असायचा. "काकू, दीड हजार द्या, ह्याच आठवड्यात तारीख काढतो." तो कसा काढणार होता मला माहीत नाही, विचारलंही नाही. मला 11 जून मिळाली.

याच सुमारास धाकटीची वाट पाहणी सुरू झालेली होती, तिकडे लेस्टरला. तिची गोष्ट माझ्यापेक्षा चमत्कारिक. तिच्याकडे इथलं लायसन्स आहे, कॉलेजात असतानाच काढलेलं, हिंडलगा रोडने सर्रास गाडी नेणारी पोर. इंग्लंडमध्ये आपल्या लायसन्सवर बारा महिने चालवू देतात. तेरावा महिना लागला की तुम्ही पुन्हा शिकाऊ. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावायचा, शेजारी एकवीस वर्षांवरचं, तीन वर्षं लायसन्स असलेलं माणूस बसवायचं. जावई कामानिमित्त दुसऱ्या गावी. ही फिजिओथेरपिस्ट, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन व्यायाम करवून घेते. पहिल्या वर्षी गाडीने दिवसाला सात घरं व्हायची, आता बसने चार. डिसेंबरात तिकडे चारच्या आत सूर्य मावळतो. ही सूर्यास्तापूर्वी जेवणारी, तिने नियम मोडला नाही, पण काय खाल्लंस म्हटलं की बसस्टॉपवर सफरचंद हे उत्तर यायला लागलं.

लेखी परीक्षा तिची झाली होती. पन्नास प्रश्नांत त्रेचाळीस बरोबर लागतात, शिवाय पडद्यावर रस्त्याची चित्रफीत दाखवतात आणि धोका दिसला की बटण दाबायचं. ते सगळं दोन वर्षं टिकतं, त्याच्या आत गाडीची टेस्ट झाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि टेस्टची तारीख तर मिळत नाही. जास्तीत जास्त चोवीस आठवडे पुढचं बुकिंग करता येतं, आणि बहुतेक ठिकाणी चोवीसावा आठवडाही भरलेला. करोनाच्या आधी तिथं पाच-सहा आठवड्यांत तारीख मिळायची. टाळेबंदीत परीक्षा बंद राहिल्या, परीक्षक कमी पडले, साचलेला ढीग काही उपसला गेला नाही. नव्या तारखा सोमवारी सकाळी सहाला सोडतात. तिचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेदहा. दर सोमवारी मी कुकर लावायचे आणि फोन पुढ्यात ठेवून बसायचे. कधी तिचा मेसेज यायचा, "रांगेत माझ्यापुढे अमुक हजार जण," कधी नुसताच रडका चेहरा. बासष्ट पौंडांची तारीख तिथले दलाल कॉम्प्युटरकडून झटकन उचलतात आणि दोन-तीनशेला विकतात. हे ऐकल्यावर मला आमच्या दारातला तो दीड हजारवाला अगदी घरगुती वाटला.

"आई, घेऊ का गं विकत?" एका सोमवारी तिने विचारलं. आवाज बसलेला. आदल्या दिवशी एका आजोबांकडे जायला तिला तासभर उशीर झाला होता आणि ते खुर्चीतून एकटेच उठायला जाऊन पडले होते. हाड मोडलं नव्हतं. मी काय सांगणार? नको म्हणणं सोपं असतं, चूल माझी इथं आणि बस तिची तिथं. मी म्हटलं, बाबांना विचार. यांनी फोन घेतला. हे तिला काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, मी मुद्दाम मागच्या अंगणात गेले. तारीख तिने विकत घेतली नाही. त्यांच्यातलं बोलणं मी अजून विचारलेलं नाही.

11 जूनला सकाळी मी मैदानावर पोचले तेव्हा मैदान नव्हतं, तळं होतं. बेळगावच्या पावसाला मृगाचा मुहूर्त सांभाळायची सवय आहे. आठच्या आकड्यासाठी मांडलेले शंकू पाण्यात बुडून नुसती टोकं दिसत होती. साठ-सत्तर माणसं छत्र्या घेऊन उभी. अकराला सांगितलं, आज नाही. पुढची तारीख 9 जुलै. त्या दिवशी पाऊस नव्हता, पण तपासणारे साहेब दुसऱ्या कामावर गेलेले, चारपर्यंत बसवून परत पाठवलं. त्या दिवशी चतुर्दशी होती, माझा उपवास. उपवासाचा एक फायदा, दिवसभर बसलं तरी डबा उघडायची फिकीर नाही.

डबा मात्र नेला होता, इतरांसाठी. तिथं माणसं बघण्यासारखी असतात. बाकड्यावर माझ्या एका बाजूला खानापूरकडचा एक गवळी, दुसऱ्यांच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून जाणारा, लायसन्स झालं की ड्रायव्हरचा पगार मिळणार होता. दुसऱ्या बाजूला एक शाळेच्या बाई, त्यांची ही तिसरी खेप. तीनदा नापास झालं तर मग साठ दिवस थांबावं लागतं असा कायदा आहे, आणि त्यांचं लर्निंग त्याआधीच संपत होतं. त्या तोंडातल्या तोंडात "आरसा, पट्टा, न्यूट्रल" असं पुटपुटत होत्या, णमोकार म्हणावा तसं. दुपारपर्यंत आमचे दशमी आणि शेंगाचटणी वाटून संपले होते, कुणाच्या मुलाचं काय, कुणाचे गुडघे कसे, सगळं कळलं होतं. तिकडे धाकटीच्या रांगेत तिच्यापुढे हजारो माणसं, पण एकाचंही तोंड तिला दिसत नाही. मी तिला हे फोनवर सांगितलं तर ती चिडली. "आई, तुला गंमत वाटते. त्या गवळ्याला विचार त्याचे किती बुडाले." तिचं बरोबर होतं. तो गवळी दोन्ही वेळा दिवसाची मजुरी सोडून आला होता, वर एसटीचं भाडं. मला घरी जाऊन फक्त संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं होतं. वाट पाहणं सगळ्यांचं सारख्या लांबीचं असतं, सारख्या किमतीचं नसतं.

तिसरी तारीख ऑगस्टच्या मध्यावर. मधल्या पाच आठवड्यांत मास्तरांचे धडे संपले होते. हात जाऊ नये म्हणून रविवारी सकाळी ते तासभर येत, आमच्याच गाडीतून आम्ही फिरायचो, आणि मागच्या सीटवर हे. पहिल्याच रविवारी मास्तरांनी मला सांगितलं, "काकू, काकांना मागं बसवू नका, पुढं बसलेलं बरं. मागनं ब्रेक मारूलालेत." खरंच होतं. मागे बसून यांचा उजवा पाय माझ्या सीटच्या पाठीत रुतत होता. प्रत्येक वळणाला मला पाठीवर कळायचं, यांच्या मते कुठं थांबायला हवं होतं ते.

टेस्ट झाली. तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. तीन महिने जिच्यासाठी झुरलो ती दहा मिनिटांत संपली. आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर थांबवून पुन्हा सोडणं. साहेबांनी एकदाच तोंड उघडलं, "काच वर करा, पाऊस आत येतोय." शाळेच्या बाई त्या दिवशी दिसल्या नाहीत. गवळी दिसला, तो माझ्या आधीच पास होऊन लगेच बस गाठायला पळाला.

कार्ड पोस्टाने घरी आलं. पन्नाशी ते पंचावन्नमध्ये काढलेलं लायसन्स साठाव्या वाढदिवसापर्यंतच चालतं, म्हणून माझ्या कार्डावर माझ्या साठीची तारीख छापलेली आहे. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारने मला माझी साठी लेखी कळवली. यांनी आपलं कार्ड पाकिटातून काढून माझ्या कार्डाशेजारी ठेवलं. त्यांचीही मुदत साठीचीच, येत्या नोव्हेंबरची. पुढे पाच वर्षं वाढवून मिळतात, तोच वैद्यकीय कागद जोडला की. मी विचारलं, "फॉर्म आणू का?" हे म्हणाले, "कशाला?" आणि दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून माझ्या पर्समध्ये सरकवली.

धाकटीला शेवटी तारीख मिळाली, कुणीतरी रद्द केलेली, तिच्या घरापासून दीड तासावरच्या गावात, जानेवारीच्या थंडीत, सकाळी आठची. तिथं टेस्टच्या सुरुवातीलाच वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचायला लावतात. "बाबा, तुमच्यापेक्षा पाच मीटर कमी," ती म्हणाली, आणि हे पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले.

मिरजेची तपासणी सप्टेंबरात होती. हायवेला मी पहिल्यांदाच. ट्रक जवळून गेला की गाडी अंग चोरल्यासारखी हलायची. हे माझ्या शेजारी, मांडीवर डबा आणि बाटली. संकेश्वरपर्यंत यांचा पाय नसलेला ब्रेक दाबतच होता, मग थांबला. पुढं एकदम विचारलं, "डावीकडनं काय गेलं?"

"म्हैस."

"एकच?"

"दोन. एक रेडकू."

"हं," हे म्हणाले, "आता समोर सांगू नको, समोरचं मला दिसतंय. कडेचं तेवढं सांग."